हायनेकन आणि चखणा : प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

जूनअखेरच्या बैठकीचा विषय ठरला. एकच बिअर, हायनेकन, आणि तिच्याबरोबरचा चखणा. गेल्या वेळी आमच्या, आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टलफेनच्या मराठी कंपूने वाइनची संध्याकाळ केली होती. बाटल्या महाग, वर्णनं त्याहून महाग, आणि निम्मी मंडळी "छान आहे, छान आहे" करत घरी गेली. म्हणून या वेळी मी दुसरं टोक धरलं. ग्रुपवर लगेच कल्ला झाला. "हायनेकनमध्ये चाखायचं काय? ती तहान लागली की प्यायची." एकाने तर लिहिलं, "मग पुढच्या वेळी नळाचं पाणी चाखू." (कल्पना वाईट नाही. इथलं नळाचं पाणी खरंच चांगलं आहे.)

माझं म्हणणं एवढंच की ऑफिसातल्या शुक्रवारच्या पार्टीत ही बिअर सगळ्यांनी रिचवली आहे, पण तिला नीट नाक कोणी लावलेलं नाही. आणि तिच्यासोबत इथे हमखास येणारं ताट, म्हणजे तळलेले गोळे, चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची वाटी, इतकं चांगलं का जमतं हेही कोणी विचारलेलं नाही.

अडचणी आत्ताच लिहून ठेवतो. तीसेक माणसं येणार. त्यातली निम्मी बीफ खात नाहीत, काही पक्की शाकाहारी, काही दारूला हात न लावणारी. आणि प्रत्येकाला काहीतरी तिखट हवंच असणार.

१२ एप्रिल

आज चखणा नाही, नुसती बिअर. फ्रिजमधून थेट काढलेला कॅन, पातळ काचेचा ग्लास, आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवलेला.

४ अंशांना वास जवळजवळ नाहीच. जिभेला टोचणारे बुडबुडे, गारवा, आणि घोट गेल्यावर मागे रेंगाळणारा हलका कडवटपणा. पबमध्ये आपण हीच बिअर पितो. ७ अंशांच्या आसपास ती तोंड उघडते. पावाच्या आतल्या मऊ भागाचा वास, किंचित मध, आणि वर एक फळासारखी छटा, पिकल्या सफरचंदाकडून केळ्याकडे झुकणारी. ही छटा फळाची नसून यीस्टची करामत आहे. साखरेची दारू करताना यीस्ट एस्टर नावाची सुवासिक द्रव्यं सोडतं, त्यातलं आयसोअमाइल अॅसिटेट केळ्याच्या वासाचं. पुढे १२ अंशांवर गेल्यावर वेगळाच वास वर आला, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. तो डायमिथाइल सल्फाइडचा. बार्लीच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांतून येतो आणि लागरमध्ये, म्हणजे अशा थंडीत मुरवलेल्या फिकट बिअरमध्ये, थोडाफार असतोच. गार असताना लपतो. शेवटी बुडबुडे गेले आणि उरलं ते गोडसर, बसकं पाणी.

बैठकीत ५ ते ७ अंश. बर्फात गाडलेले कॅन दहा मिनिटं आधी बाहेर काढायचे.

या बिअरकडे लपायला जागा नाही. ती साध्या वरणासारखी आहे: मिसळीत चिमूटभर मीठ जास्त झालं तर खपून जातं, वरणात लगेच कळतं. माल्ट थोडं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) थोडे, अल्कोहोल ५ टक्के. त्यामुळे बिअर कशी साठवली, कशी ओतली, ग्लास धुतलेला होता की नाही, हे सगळं चवीत उतरतं. चखण्याआधी याच गोष्टी तपासायच्या.

१३ एप्रिल

ओळखीपुरता इतिहास. पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही, अशी घरातून ताकीद आहे.

खेरार्ड आद्रियान हायनेकनने १८६४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, आम्स्टरडॅममधली 'दे होइबर्ग' नावाची जुनी ब्रुअरी विकत घेतली. तेव्हा शहरात वर तरंगणाऱ्या यीस्टची, गढूळशी बिअर चालायची. त्याने पुढच्या काही वर्षांत तळाशी बसणाऱ्या यीस्टची, थंडीत सावकाश मुरणारी, स्वच्छ बिअर काढली. पण यीस्टचा भरवसा नसायचा, एक घाणा चांगला तर पुढचा आंबट. १८८६ मध्ये हार्तोख एलियोन या पाश्चरच्या शिष्याने ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एकच शुद्ध जात वेगळी काढली. तेच 'ए-यीस्ट' आजवर वापरात आहे, म्हणजे काल नाकात आलेलं केळं त्याचंच. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात बक्षीस मिळालं, ते आजही लेबलवर मिरवतात.

महाराष्ट्राशी धागा हवाच असेल तर तळोजा. तिथल्या कारखान्यात ही बिअर बनते, आणि २०२१ पासून किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजची सूत्रं हायनेकनकडेच आहेत. बस. याहून जास्त कोणी ऐकणार नाही.

१९ एप्रिल

खालच्या मजल्यावरचे डच आजोबा आज वर आले. आयुष्यभर कॅफेच्या बारमागे उभे राहिलेले. मी कॅन उघडून ग्लास तिरका धरून अलगद ओतायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "असं ओतलं तर ग्लासात फेस येत नाही, मग तो पोटात येतो."

त्यांची पद्धत: ग्लास थंड पाण्यातून काढायचा, पुसायचा नाही. ओला ग्लास ४५ अंशांत धरून निम्मा भरायचा, मग सरळ करून मधोमध जोरात ओतायचं, फेस काठावर येईपर्यंत. मग सुरीची पाठ ओली करून काठावरून एकाच फटक्यात फिरवायची. मोठे, राठ बुडबुडे निघून जातात आणि खाली दोन बोटं जाडीचा दाट फेस राहतो. सुरी ओली का, हे त्यांनी कोरडी सुरी फिरवून दाखवलं: फेस चिकटला, फाटला, मध्ये खड्डा पडला.

मग त्यांनी बोट आमच्या ग्लासकडे वळवलं. घोट घेतल्यावर काचेवर फेसाची जाळी राहायला हवी, आमच्या ग्लासात ती तुटक होती. कारण तेल. भांडी धुताना एकाच स्पंजने कढई आणि ग्लास घासणारं घर आहे आमचं. बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मिळून फेस धरून ठेवतात, आणि तेलाचा अंश लागला की तो कोसळतो. ग्लासांसाठी वेगळा स्पंज आणला. तळलेलं खाल्लेले ओठ ग्लासाला लागले तरी हेच होतं, तेव्हा बैठकीत प्रत्येकाच्या ताटाजवळ कागदी रुमाल हवेत. भरपूर.

जाताना आजोबा म्हणाले, बिअरबरोबर येनेव्हरचा, म्हणजे जिनसारख्या कडक डच दारूचा, छोटा ग्लास ठेवला असता तर बरं झालं असतं. तो बेत बैठकीत नको. मंडळी घरी पोचायला हवीत.

२६ एप्रिल

राजाचा दिवस, म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. एरवी २७ ला असतो, यंदा २७ ला रविवार आला म्हणून आज. सगळं आम्स्टरडॅम केशरी, कालव्यांत होड्या, आणि आमच्या सुदैवाने ऊन.

प्रकल्पाला फुकट धडा मिळाला. पुलाच्या कठड्यावर एकाने पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात बिअर ओतून ठेवली आणि गप्पांत विसरला. दहा-पंधरा मिनिटांनी मी वास घेतला. जळक्या रबराचा, हिंगाची जुनी डबी उघडल्यावर येतो तसा. त्याने एक घोट घेतला आणि मुकाट ग्लास मला दिला. "ही तुझ्या वहीसाठी."

शास्त्र असं: हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं ब-२ जीवनसत्त्व, यांच्यावर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त थायॉल तयार होतं. ते इतकं उग्र की लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाक पकडतं. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारच कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये अंधार. उष्णतेचा यात संबंध नाही. गारेगार ग्लाससुद्धा उन्हात बिघडतो.

म्हणजे बैठकीला कॅनच. "कॅनमधली बिअर हलकी" म्हणणाऱ्यांना हे समजवायला हवं, त्यासाठी पुढच्या शनिवारी एक चाचणी.

३ मे

चौघं जमलो. एकाच दुकानातली बिअर, काही कॅनमधली, काही हिरव्या बाटलीतली. बाटली मी दुपारभर खिडकीत उन्हात ठेवून पुन्हा गार केली होती. प्रत्येकाच्या पुढे तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून फेऱ्या बऱ्याच घेतल्या आणि ग्लासांवर कागद गुंडाळला.

वाससुद्धा घ्यावा लागला नाही. ओतता ओतताच टेबलावर नाकं वर झाली. गंमत पुढे: एकाला उन्हातली बाटलीच जास्त आवडली. "हीच खरी हायनेकनची चव." तो गेली कित्येक वर्षं बाल्कनीतल्या क्रेटमधून बिअर पितो. सवयीपुढे रसायनशास्त्र हात टेकतं. बाकी तिघांचं मत कॅनच्या बाजूने.

१० मे

पहिला चखणा, तळलेलं.

आल्बर्ट काउप बाजारातून किबलिंग आणलं, पांढऱ्या माशाचे पिठात घोळवून तळलेले तुकडे. (बाजारापासून चार पावलांवर, स्टाटहाउडर्सकाडेवर, हायनेकनची जुनी ब्रुअरी. आता तिथे पर्यटकांची रांग.) बिटरबालन घरी तळले. लोणी-मैद्याच्या घट्ट सॉसमध्ये मांसाचे धागे, वर ब्रेडचा चुरा. शाकाहारींसाठी धिंगरी मशरूमचे.

बिटरबालनचा आतला भाग तव्यावरच्या तेलापेक्षा गरम वाटतो आणि तोंडभर चिकटतो. लोण्याचा आणि पिठाचा लेप टाळूवर बसला की दुसरा घास पहिल्याइतका चवदार लागत नाही. इथे बिअर कामाला येते. कर्बवायूचे बुडबुडे तो लेप उचलतात, गारवा तोंड निववतो, आणि थोडासा कडवटपणा चरबीचा जडपणा कापतो. घोट झाला की जीभ पुन्हा कोरी. तिसरा बिटरबाल पहिल्यासारखाच लागतो, हाच धोका.

चव चवीला जुळवण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. या बिअरकडे जुळवायला फार काही नाही. ती तोंड धुऊन देते, म्हणून तिच्यापुढे ठेवायचं ते धुऊन घ्यायला लागेल असं: तेलकट, खारट, कुरकुरीत.

मोहरीने थोडं चकवलं. नाकात झणका, डोळ्यांत पाणी, पण दोन क्षणांत साफ. बिअर त्यावर आणखी चांगली लागते. मिरचीचं तसं होत नाही, पण तो वेगळा दिवस.

१७ मे

चीज. कोवळं गाउडा चारेक आठवड्यांचं, मऊ, दुधाळ: बिअरबरोबर ठीक, दोघंही एकमेकांना त्रास देत नाहीत आणि लक्षातही राहत नाहीत. वर्षभर मुरलेलं जुनं गाउडा एकटं खाल्लं तर अफलातून. दाताखाली टायरोसिनचे पांढरे खडे कुरकुरतात, चव खारट आणि जळक्या साखरेच्या जवळची. पण त्यावर हायनेकनचा घोट घेतला की बिअर गायब. पाणी उरतं, आणि मागे लोखंडाची चव. हे चीज दाट, गडद बिअरला द्यायचं.

मधलं, चार महिन्यांचं, जमलं. आणि त्याहून जमलं ते जिऱ्याचं. इथे गाउडात आख्खं जिरं घालतात. चावलं की जिऱ्याचा गरम वास, चीजचा खारटपणा, मग गार घोट, आणि त्यात माल्टचा पावासारखा गोडवा आधीपेक्षा स्पष्ट लागतो. आत्तापर्यंतची एकच जोडी जिच्यात बिअरची स्वतःची चव वाढली. ताटात पक्कं.

२४ मे

तिखटाचा दिवस. बायकोने बटाटेवडे, कोथिंबीर वडी, अळूवडी, रव्यातला बांगडा, आणि एका वाटीत ठेचा केला. चाखायला शेजारचं मराठी कुटुंबही होतं.

ठेचा आणि लसणाच्या चटणीतला वडा इथे अडला. पहिला घोट सुख देतो, दुसऱ्यापासून आग वाढत जाते. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, ५ टक्के अल्कोहोलमध्येही नाममात्रच. त्यात कर्बवायू जिभेवर स्वतंत्रपणे टोचतो, म्हणजे आगीला वारा. मग माणूस आग विझवायला आणखी पितो. दूध-ताकातलं केसिन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं, बिअरमध्ये तसं काही नाही. "पण गावाकडे सगळे सुक्या मटणाबरोबर बिअरच घेतात की," शेजारचे भावजी म्हणाले. घेतात, आणि रात्रभर घेतात. चव कळावी म्हणून कोण घेतो?

अळूवडीचं आश्चर्य वाटलं. चिंच-गुळाची गोडी आली की बिअर अचानक कडू आणि पातळ लागते. अळूवडीवर अन्याय, बिअरवरही. दोघींना वेगळं ठेवलं.

कोथिंबीर वडी जिंकली. मिरची अर्धी, तीळ दुप्पट, वाफवून थोडी मुरलेली आणि मग खरपूस तळलेली. बेसनाचा कोरडेपणा घोट मागतोच. बांगडा इथला, उत्तर समुद्रातला, आपल्यापेक्षा मोठा आणि जास्त तेलकट. आगळ, हळद, मीठ लावून रव्यात. लाल तिखट नावापुरतं. वहिनी म्हणाल्या, "हे तर आजारी माणसाचं जेवण." दुसरा तुकडा मात्र त्यांनीच आधी उचलला.

१ जून

न पिणाऱ्यांसाठी हायनेकन ०.० आणली, बिनअल्कोहोलची. ही २०१७ पासून मिळते. बिअर करून मग निर्वातात कमी तापमानावर अल्कोहोल काढून टाकतात. जरा गोड, धान्याचा वास पुढे, शेवट लवकर संपतो. बिटरबालनबरोबर काही फरक जाणवत नाही, बुडबुडे तेच आहेत. जिऱ्याच्या चीजबरोबर थोडी कमी पडते.

२१ जून

नवी हेरिंग, म्हणजे मोसमातला पहिला, मिठात मुरवलेला कच्चा मासा. आठवडाभर सगळे विचारत होते, "हेरिंग नाही ठेवणार?" गाड्यावर आम्स्टरडॅमच्या पद्धतीने घेतली: तुकडे करून, वर बारीक कांदा आणि काकडीचं लोणचं. 'नवी' म्हणवून घ्यायला माशात किमान १६ टक्के चरबी लागते. साफ करताना स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्यातली एन्झाइम्स मिठात मासा मुरवतात. लोण्यासारखी मऊ, आणि मला मनापासून आवडते.

पण बिअरबरोबर नाही. कच्च्या माशाचं तेल आणि कडवटपणा मिळून तोंडात धातूसारखी चव राहते. आजोबांना सांगितलं, तर ते विजयी मुद्रेने म्हणाले, "मग मी एप्रिलमध्ये काय सांगत होतो?" हेरिंगला येनेव्हरच. ताटात नाही.

हॉल पाहून आलो. मोठ्या खिडक्या पश्चिमेला, आणि सूर्य मावळणार रात्री दहाच्या सुमारास. सहा वाजता बसलो तर चार तास ऊन थेट टेबलांवर. पडदे आहेत, पण विरळ. टेबलं आतल्या भिंतीला लावायची आणि कॅन ऐन वेळी फोडायचे.

२८ जून

झाली बैठक. माणशी दीडशे मिलीचे चार ग्लास, म्हणजे ६०० मिली. इथे २५० मिलीच्या ग्लासात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल धरतात, म्हणजे प्रत्येकी २४ ग्रॅमच्या आसपास. गाडी कोणीच आणायची नाही हे आधीच कळवलं होतं, ५ आणि २५ नंबरच्या ट्राम दारात आहेत.

पहिला ग्लास नुसता. दुसरा जिऱ्याच्या चीजबरोबर. मग कोथिंबीर वडी आणि किबलिंग, शेवटी बांगडा आणि बिटरबालन. ओतण्याचं काम आजोबांनी स्वतःहून घेतलं. ओली सुरी फिरवताना त्यांच्याभोवती मुलांचा घोळका, आणि त्यांच्याकडून पोरांना फक्त पाणी.

हात वर करून मत घेतलं. पहिला नंबर कोथिंबीर वडी, अगदी थोडक्यात मागे जिऱ्याचं चीज. बिटरबालन तिसरे, मी ते वर येतील असं धरलं होतं, पण शेवटी आले तेव्हा पोटं भरली होती. बांगडा मांडल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच संपला, त्यामुळे निम्म्या लोकांना मतच देता आलं नाही. ठेच्याची वाटी मी ठेवली नव्हती, तरी कोणीतरी पिशवीतून बाटली काढलीच, आणि त्या टेबलावरचे कॅन सगळ्यांत आधी संपले.

नळाच्या पाण्याची थट्टा करणारा मित्र खिडकीशी ग्लास ठेवून फोनवर बोलत उभा राहिला होता. परत येऊन घोट घेतला आणि ओरडला, "अरे, ही नासली!" मग त्यानेच फिरून सगळ्यांना वास दिला. माझ्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा ते जास्त पोचलं.

२९ जून

हिशेब. आणलेले कॅन ७२, अनामत प्रत्येकी १५ सेंट, म्हणजे १०.८० युरो परत यायला हवेत. यंत्राने चेपलेले कॅन नाकारले, ते वेगळ्या पिशवीत. कागदी रुमाल एक गठ्ठा उरला, बिटरबालन एक पाकीट, चीज काहीच नाही.

पुढच्या वेळी बांगडा दुप्पट, बिटरबालन दुसऱ्या ग्लासाबरोबर, आणि खिडकीकडच्या बाजूला जाड पडदा. वहिनींनी विचारलंय की गडद बोकबिअर शरद ऋतूत येते, तिच्यासोबत अळूवडी चालेल का. जुनं गाउडाही तेव्हा पुन्हा काढता येईल.